दोरी अकरा फूट

तक्रार निनावी आहे, मुलगी म्हणाली.
चपला तिने अंगणाबाहेर काढल्या, हे मला आवडलं.
सोबतचा मुलगा स्कूटरवरच बसून होता,
कुडाळहून येताना त्याची पाठ धरली होती.

निनावी म्हणजे काय,
देवबागला इनमीन एक रस्ता.
एका अंगाला खाडी, एका अंगाला दर्या,
मधे आम्ही, एकमेकांच्या फोडणीचा वास ओळखणारे.
'रात्रभर विव्हळतो' असं लिहिलं होतं,
'बरगड्या दिसतात' असं लिहिलं होतं,
आणि पेडव्याच्या बरगड्या दिसायला
जिथे उभं राहावं लागतं
ती जागा एकच आहे,
रतन मेतराची मोरीची खिडकी.

मी काही बोलले नाही.
पाणी दाखवलं, ॲल्युमिनियमच्या टोपातलं.
सावली दाखवली, उलटी घातलेली जुनी होडी,
खाली गोणपाट, गोणपाटावर तो,
सतरा वर्षांचा, दोन्ही डोळ्यांत शिंपल्याचा रंग.
मालवणच्या डॉक्टरची चिठ्ठी दाखवली.
मूत्रपिंडं गेलीत, मीठ बंद.
दर्याच्या काठावर राहून मीठ बंद!
मुलगी हसली नाही. लिहीत राहिली.
तिच्या कागदावर चौकोन होते
आणि पेनाच्या प्रत्येक आवाजाला
तो शेपटी हलवत होता.

मग टेप निघाली. मुलगा उतरला, एक टोक त्याने माडाशी धरलं.
अकरा फूट.
पंधरा तरी हवी, काकी. संस्थेचा नियम आहे.

म्हटलं, बाय, ही दोरी मी नाही मापली,
पाण्याने मापली.
आंधळा झाल्यापासून हा सरळ दर्याकडेच चालतो.
रापण ओढणाऱ्यांची हाळी आली
की धावतच सुटतो, अजून आपण पोरगे आहोत असं धरून.
गेल्या पुनवेच्या उधाणाला
गळ्यापर्यंत पाण्यात उभा सापडला,
लाटेवर भुंकत होता,
जणू परक्याची गाय शिरलीय अंगणात.
त्या रात्री पाणी जिथवर चढलं
तिथे मी काठी रोवली,
आणि काठीच्या अलीकडे हातभर सोडून
दोरी कापली.

मुलगी काठीकडे बघत राहिली.
याला माझ्याकडे रकाना नाही, म्हणाली.
आणि तळाला, शेरा म्हणून, लिहिलं,
दोरी चार फूट वाढवणे.
कोकम सरबत दोघांनी घेतलं.
साखर जास्त झाली होती, तरी.

तिन्हीसांजेला रतन आली, हातात डबा.
पेज हा, म्हणाली. बिनमिठाची.

बिनमिठाची.
मीठ बंद, हे मी फक्त त्या मुलीला सांगितलं होतं,
जरा मोठ्याने,
मोरीच्या खिडकीकडे तोंड करून.

मी विचारलं नाही.
तीच म्हणाली, डब्याच्या कडीशी चाळा करत,
"तो रडता तेवा माका झोप येना नाय.
माझो बापूसय शेवटाक असोच रडत होतो."
एवढंच. त्यावर काय बोलायचं.
पेडव्याने पेज हुंगली, खाल्ली नाही.
झाकण मात्र चाटून लख्ख केलं.

आता दोरी पंधरा फूट आहे.
भांगाच्या दिवसांत चालून जातं.
उधाणाला त्या वाढीव चार फुटांत पाणी येतं.
तेव्हा मी प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन
त्या चार फुटांत बसते,
पाय ओले, मांडीवर बॅटरी.
अंधारातून तो येतो,
माझ्या गुडघ्याला आपटतो, हुंगतो,
हे पाणी नव्हे असं ठरवतो
आणि मागे वळतो.
एका रात्रीत किती वेळा, मोजत नाही.

मोरीत दिवा लागतो.
"भरली काय गे?"
"अजून हातभर आसा."
"मग बस," म्हणते रतन,
आणि दिवा घालवते.