धुतलेलं कणीस

सिंहगडावर बबईबाई पढेर कणसं भाजतात,
लिंबाची फोड तिखटमिठात बुडवून वरून घासतात.
लोक अर्धी खातात, अर्धी फेकतात.
तीन वर्षांपूर्वीची माझी नोंद:
तिरपी नावाच्या माकडिणीनं
कणीस टाक्यात बुचकळलं, मग खाल्लं.

आता निम्मी टोळी धुते.
आज तिच्या नातीनं
तिखट न लावलेलं, कोरं कणीसही
दोनदा बुडवलं.
मी पेन्सिल चावत बसलो.

तेवढ्यात टोळीतल्या थोराडानं
जांभई दिल्यासारखे सुळे दाखवले.
पाय आधी मागे सरला, मी नंतर.
मानेवर काटा आला,
जिथे फुलवायला आता केस उरलेले नाहीत.
हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

रात्री धनकवडीत, तिसऱ्या मजल्यावर,
आप्पांपुढे डोसा ठेवला.
त्यांना माझं नाव आठवत नाही.
"स्वारगेट डेपोतले का तुम्ही?" विचारतात.
पण तळहात आपसूक वाकला,
पाण्याची धार बशीभोवती फिरली,
सनमायकाच्या टेबलावर,
जिथे मुंगी फिरकत नाही.
कुणाचं बघून?
आणि त्या कुणी कुणाचं?

वही उघडली.
नर. वय एक्क्याऐंशी. वेळ, आठ वाजून दहा.
'कारण' हा रकाना तसाच ठेवला.

"चटणी जहाल आहे हो," आप्पा म्हणाले,
आणि डोशाचा तुकडा
फुलपात्रात बुडवून
नीट, दोनदा, हलवला.