पुरवणी

पुरवणीचा खोका मूळ खोक्यात मावत नाही.
तोनिसनं सायकलची जुनी ट्यूब कापली
आणि दोन्ही खोके एकत्र आवळले, व्हॉल्व्हसकट.
हाप्सालूत फेब्रुवारीत सायकल दुरुस्तीला येतं कोण?
समुद्र थिजलेला, बेटाकडे गाड्या बर्फावरून जातात,
आणि दुकानामागच्या खोलीत दर गुरुवारी
आम्ही चौघं आकाशगंगा वाटून घेतो.

नऊ वर्षं.
पिवळ्यांचं एक जहाज कधीच हरवलं,
त्याच्या जागी कोटाचं बटण लढतं.
ऊर्वे फेरीबोटीच्या तिकीटखिडकीत बसते,
इथे तांबडी घेते, आणि जिंकते.
तोनिस पिवळा, चिडका. मी निळा,
क्वचित दुसरा, बहुधा तिसरा.
आणि काल्यो, स्टेशनातला जुना तारबाबू,
रूळ उखडून नेले तरी घड्याळ गाडीच्या वेळेला लावणारा,
सगळ्यांत आधी बाद.

त्याचा ग्रह पडायचा साधारण साडेआठला.
रडीचा डाव त्यानं कधी खेळला नाही.
हिरव्या सोंगट्या मोजून डबीत भरायचा,
बाह्या दुमडायचा,
सिंककडे जायचा.
आमची युद्धं त्याच्या पाठीमागे पेटायची
आणि मधूनच कपावर कप वाजायचा.

पुरवणी आली तेव्हा वाटलं, आणखी तारे असतील.
आहेत. सात. त्यातले दोन विझलेले.
पाचव्या जमातीची करडी जहाजं
(पाचवा माणूस आणायचा कुठून, ती पिशवी फोडलीच नाही),
धुक्याच्या षट्कोनी फरशा, बऱ्याचशा कोऱ्या.
पैसे मोजून रिकामी जागा घेतली, तोनिस म्हणाला.
आणि नियमांचं चोपडं, पान अकरा, तळाशी, बारीक अक्षरात:
ज्याचं घर पडलं त्यानं उठू नये.
उरलेली जहाजं घेऊन त्यानं भटकावं,
माल न्यावा, निरोप न्यावा,
कुणाच्याही बंदरात एक फेरी मुक्काम करावा,
आणि शेवटी त्याचं मत मोजावं.

मी मोठ्यानं वाचलं.
मग पुन्हा वाचलं,
कारण काल्योची एक बाही दुमडून झाली होती.
"मी काय आता लिंबूटिंबू?" त्यानं विचारलं.
"नियम आहे," ऊर्वे म्हणाली, पटावरून नजर न काढता,
"बस."

तो बसला. तीन जहाजं, घर नाही.
जरा वेळानं, अगदी हळू:
"नऊनंतर तुम्ही करता काय?"

कुणालाच नीट सांगता येईना.
नऊ वर्षं हा माणूस आमच्यात होता
आणि डावाचा शेवट त्यानं
फक्त नळाच्या आवाजातून ऐकला होता.

मग तो निघाला.
माझं तांबं तोनिसकडे, तोनिसची धमकी ऊर्वेकडे,
चिठ्ठीवर, शब्द मोजून,
नऊच्या वर एक शब्द गेला तर खोडून.
तोनिसच्या शिव्या त्यानं दोनदा परत पाठवल्या:
पत्ता अपुरा.
कोऱ्या फरशांवरून तो असा जायचा
की त्या कोऱ्या कशाला ठेवल्यात ते मला कळलं,
म्हणजे, थोडंसं.
धुक्यात तो थांबला की आम्ही तिघंही थांबायचो
आणि बघायचो, आता कुणाच्या दाराशी.

शेवटची फेरी साडेअकराला.
मत त्यानं कुणाला दिलं ते सांगत नाही,
ऊर्वे अजून त्यावरून माझ्याशी तुटक बोलते.

शुक्रवारी मी विसरलेला मफलर आणायला गेलो.
शेगडी रात्रीच विझलेली. तोनिस टेबलाखाली
एक हिरवं जहाज शोधत होता,
ते काल्योच्या खिशात गेलं असणार.
सिंकमध्ये चार कप, तसेच,
प्रत्येकाच्या तळाशी चहाच्या रंगाची
बर्फाची चकती.
खोक्याच्या कडेला छापलंय,
ट्यूबच्या व्हॉल्व्हखाली अर्धं झाकलेलं:
खेळाचा वेळ चाळीस मिनिटांनी वाढेल.