ओढ्याच्या पायात वाळा

माझ्या कामात निळा रंग वाईट.
नळीत औषधाचे थेंब पडले की पाणी क्षणभर थांबतं,
काहीतरी आठवल्यासारखं करतं,
आणि मग निळं होत जातं.
जितकं गडद, तितका स्फुरद.
अकरा वर्षं मी हेच मोजते आहे
कोल्हापुरातल्या एका खोलीत, करकरत्या पंख्याखाली,
मातीच्या पिशव्यांच्या गर्दीत.
आता साडी घेतानाही
निळ्यावरून हात मागे सरतो.

स्फुरद.
नाव ठेवणाऱ्याला काय स्फुरलं असेल?
मुळाला जाग आणतो, कोंबाला धीर देतो,
आणि रानात मावेनासा झाला
की मातीच्या कणाला धरून पाण्यात उतरतो.
तिथंही कुणीतरी जागं होतंच.

आदगोंडा मगदूम यांच्या मळीच्या रानाची माती आली
तेव्हा नळीची शाईची दौत झाली.
पुन्हा केलं. पुन्हा दौत.
फोनवर म्हणाले, "म्हंजे पास न्हवं का ओ, बाई?"
म्हटलं, पास कसलं? रानाला अपचन झालंय.
"मग अठरा-शेहेचाळीस टाकायचंच न्हाई? ऊस काय म्हणंल?"
ऊस काही म्हणायचा नाही.
वाढून ठेवलेलंच
दोन-तीन वर्षं बसून खाईल तो.

रविवारी शिरोळला गेले.
रानाच्या कडेनं ओढा, ओढ्याच्या तोंडाशी पंचगंगा,
आणि पंचगंगेवर केंदाळ,
इतकं दाट की बगळा त्यावरून
घरच्या ओसरीवर फिरावं तसा फिरत होता.
शिवा भोयाची नाव काठावर पालथी.
तिच्यावर दोडक्याचा वेल चढलेला, फुलं आलेली.
"मरळ शेवटची कधी घावली?"
त्यानं शेजारच्या पोराकडं बघितलं, बोटं मोजली.
"ह्येच्या बारशाला."
पोराच्या ओठावर मिसरूड होतं.

मी म्हटलं, खत फेकू नका, मुळाशी गाडा,
पाचट पेटवू नका, सरीत अंथरा,
आणि ओढ्याकडेला बारा फूट रान सोडा, वाळा लावा.
शेजारचा जिनगोंडा बांधावरूनच हसला,
"ओढ्याला आंदण देतोय व्हय रं रान?"
आदगोंडा गप्प. बारा फूट म्हणजे
किती टन, हे त्यांच्या कपाळावर
मला स्पष्ट वाचता येत होतं.
बोलल्या त्या पद्माक्का, म्हशीच्या पाठीवरनं हात न काढता.
"वाळ्याच्या मागं हत्ती गवत लावू. हिला तरी हुईल.
आणि वाळा काय, लेकराच्या पायात घालत्यात की.
ओढ्याच्या घातला तर बिघडलं काय?"

श्रावणाच्या झडीत मी दोन बाटल्या भरल्या.
एक पट्ट्याच्या वर, सरीतून सुटलेल्या पाण्याची,
चहासारखी.
एक खाली, वाळ्यातून गाळून आलेली.
चप्पल चिखलात राहिली एक, ती पुन्हा सापडली नाही.

वरची दौत.
खालची...
मी नळी खिडकीशी धरली,
पांढऱ्या कागदावर धरली,
पंखा बंद केला, जणू त्यानं रंग उडत होता.

"किती आलं?" आदगोंडांचा फोन.
आकडा सांगितला, त्यांना कळला नाही.
मग म्हटलं, धोतराला नीळ देता ना,
तेवढंच. शेवटच्या पाण्याइतकं.
पलीकडं बराच वेळ काही नाही.
मग म्हणाले, "धोतर तर मग पांढरंच दिसतंय की ओ."

दिसतं.
नदीला मात्र अजून काही कळलेलं नाही.
तळाच्या गाळात मागच्या कित्येक वर्षांची खतं
तशीच बसून आहेत, हळूहळू सुटत राहतील,
आणि वरच्या अंगाला ओढे किती, पट्टे किती,
हे मोजायला माझ्याकडं नळ्या नाहीत.
जिनगोंडानं परवा वाळ्याची चार ठोंबं मागून नेली,
लावली की नाही, ठाऊक नाही.
शिवानं मला पावशेर दोडके दिले पिशवीतून.
वेल काही त्यानं नावेवरून काढलेला नाही.
फक्त एका अंगाची पानं बाजूला सारून
फळी वाजवून बघत होता,
कुजलीय का.