सर्वांत स्वस्त काळजी

एइनो साल्मेला गेले त्या आठवड्यात
डलूथला सलग पाच दिवस धुकं होतं.
खनिजाची जहाजं बंदराबाहेर भोंगे देत थांबलेली,
आणि माझ्यासमोर, कोर्टाच्या दुसऱ्या मजल्यावर,
एका कामगाराची तीन बोटं
आणि यंत्रावर कधीच न बसवलेला एक पत्रा.

पहिल्या तासाला त्यांनी भोंग्याचंच विचारलं होतं.
भोंगा वाजला तर गावाची झोप जाते,
नाही वाजला तर जहाज खडकावर.
सांगा, कोण कुणाला त्रास देतंय?
आम्ही तावातावानं गावाकडून भांडलो, मग जहाजाकडून.
ते खडू कोटाच्या खिशात टाकून खिडकीशी गेले.
म्हणाले, टाळीसारखंच हे,
दोन हात असल्याशिवाय त्रास वाजत नाही.

तोवर कायदा म्हणजे
कोण चुकलं ते हुडकणं, एवढंच ठाऊक होतं.
त्यांनी तिथं दुसराच प्रश्न आणून बसवला,
न सांगता मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखा:
हे टाळणं
सर्वांत स्वस्तात कुणाला जमलं असतं?
जुनी मंडळी बिथरली.
न्यायदेवतेच्या तराजूत बटाटे तोलायचे नसतात,
असं कुणीसं छापून आणलं.
साल्मेलांनी ते कात्रण दारावर डकवलं,
खाली पेन्सिलीनं लिहिलं: मग काय तोलायचं?

एकदाच, फक्त एकदा, वडिलांबद्दल बोलले.
धक्क्यावर साखळी तुटली, पाय गेला.
कंपनीनं चाळीस डॉलर दिले
आणि नाताळला खारवलेल्या मांसाची एक तंगडी.
"पायाबद्दल पाय," ते हसले नाहीत.
"नवी साखळी नव्वदला मिळायची.
पाय स्वस्त होता, म्हणून साखळी जुनी राहिली.
मी किंमत लावतो म्हणून मला निर्दय म्हणतात.
ज्याची किंमत लावली नाही
ते फुकट गेलेलं मी पाहिलंय."

आता त्यांचा प्रश्न चकचकीत बूट घालून येतो.
आज सकाळीच आला होता,
शिकागोहून, कंपनीच्या तज्ज्ञाच्या तोंडून,
पडद्यावर निळे-तांबडे खांब उभे करत:
पत्रा एवढ्याचा, बोटं एवढ्याची,
अपघाताचा संभव हजारात अमुक.
तिन्ही बोटं मिळून पत्र्याहून स्वस्त पडली.
बेरीज बरोबर होती. मी दोनदा तपासली.
तो कामगार, यालमारी नावाचा पोरगा,
उरलेल्या दोन बोटांत टोपी धरून
पडद्याकडे असा बघत होता
जणू दुसऱ्याच कुणाचा हात दाखवताहेत.

दफनानंतर कॉफीला शेजारच्या पेर्को बाई भेटल्या.
साल्मेलांच्या एल्म झाडाची सावली
दुपारी त्यांच्या टोमॅटोवर पडायची.
मला वाटलं, सौदा झाला असेल.
फांदी तोडायचे इतके, न तोडायचे इतके,
त्यांच्या पुस्तकातल्यासारखा.
बाई म्हणाल्या, छे.
रोज दोन वाजता कुंपणाच्या फटीतून यायचा,
चौदा कुंड्या उचलून उन्हात ठेवायचा,
सहाला परत जागेवर. अकरा उन्हाळे.
मी म्हटलं, झाड काप, नाहीतर पैसे घे.
तर म्हणायचा, हे सर्वांत स्वस्तात मलाच जमतं,
माझे गुडघे रिकामेच असतात.

त्याच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली होती, बाई म्हणाल्या.
आणि साखर न घेताच कप ढवळत राहिल्या.

मी रात्री चेंबरमध्ये परत आलो.
निकालपत्रात आकड्याची जागा मोकळी.
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला
असा खटला म्हणून कारकून केव्हाच घरी गेलेला.
चौदा कुंड्या, अकरा उन्हाळे, दिवसातून दोनदा:
कागदाच्या कडेला मी उगाच गुणाकार मांडला
आणि मध्येच सोडला.

त्यांनी एकच शब्द दिला होता, काळजी.
वर्गात तिचा अर्थ साखळी, पत्रा, भोंगा.
कुंपणापलीकडे तिचा काय अर्थ होता
ते कुठल्याच निबंधात नाही.

बाहेर जहाजानं पुन्हा भोंगा दिला.
गावात कुणीतरी कूस बदलली असेल.
मी तज्ज्ञाची बेरीज तिसऱ्यांदा समोर ओढली,
आणि या खेपेला
साखळीच्या बाजूनं सुरुवात केली.