रुमालाखाली

साक्री मागे पडली. पिंपळनेरच्या अलीकडे
तारांवर चढवलेले द्राक्षांचे वेल लागले
तशी आप्पांनी गाडीची काच खाली केली.
"दारूना कारखाना?"
वाईन, मी म्हटलं. आपण नुसते प्राणी बघायला आलोय.
मग ते कुसुंब्याला घेतलेले फुटाणे खात बसले.

फळ्यावर रंगीत खडूनं लिहिलेलं:
ससे, बदकं, शेळीची पिल्लं.
मांडीवर घेणे, दहा मिनिटं, ऐंशी रुपये.
"हात लावाना बी पैसा लागतस?"
चाळीस वर्षं धुळ्याच्या बाजारात
बकऱ्यांना हात लावूनच ज्यांनी पैसा केला
ते आप्पा. हसले नाहीत.

रुंजी सशाला घाबरली.
बदकांनी तिची सँडल चोचीनं तपासली, नापसंत केली.
पलीकडे सावलीत सुरतेहून आलेले चौघे
पेल्यात नाक घालून
काहीतरी ओळखू बघत होते.

जयवंता गावित, निळ्या एप्रनमधली,
पांढऱ्या कानांचं करडू घेऊन आली.
रुंजीनं हात मागे घेतले
म्हणून तिनं ते आप्पांच्या मांडीवर ठेवलं.

हात आपोआप गेला.
अंगठा कण्याच्या या अंगाला, बोटं त्या,
कमरेपाशी जरा दाबून,
मग ओठ वर करून दात.
"नऊ किलो भरी."
आणि एकदम गप्प झाले,
पाहुण्यांत शिवी निसटावी तसे.
बरोबर, जयवंता म्हणाली, कालच वजन केलं.

करडाला काय त्याचं.
त्यानं सदऱ्याचं बटण चोखलं, तिकीट खाल्लं.
बाजारात त्या हाताखाली
एकही जनावर कधी झोपलं नसेल.
हे झोपलं.

दहा मिनिटं झाली. आप्पांनी बंडीच्या आतल्या खिशातून
ऐंशी रुपये काढले, सुटे, मोजून.
नंतर आणखी ऐंशी.
मी घड्याळ सोडून वेलींकडे बघत राहिले.
छाटणी नुकतीच झालेली,
कापल्या टोकांतून पाणी ठिबकत होतं.

"केवढ्याला देतील हे?" रुंजीनं विचारलं.
आप्पांनी खांद्यावरचा रुमाल काढला,
झोपलेल्या करडावरून तिच्या मनगटावर टाकला
आणि त्याखाली तिची बोटं धरली,
सौद्यात धरतात तशी.
एक बोट दाबलं असेल. किंवा पाचही.
तिनं नाही म्हणून मान हलवली,
पुन्हा हात आत सारला.
बराच वेळ रुमाल हलत होता.

परतताना शेवाळीपर्यंत मी तीनदा विचारलं.
"बाजारनी गोट बाजारमाच ऱ्हास," आप्पा म्हणाले.
रुंजी मागच्या सीटवर झोपलेली,
मूठ मिटून.