सड्यावरची जपानी बाग

बागेचं नाव जपानी. का, ते कुणी विचारत नाही.
मिनीबस शेवटच्या थांब्यावर उलटी वळते,
कंडक्टर ओरडतो, "जापनीज, जापनीज!"
आणि उतरतो आम्ही तिघंच :
मी, बाबा, आणि पिशवीत बांगडे घेतलेला एक माणूस.

फाटकावर हातानं रंगवलेलं कापड :
चेरी ब्लॉसम उत्सव. प्रवेश मोफत.
फुलं तोडू नयेत.
तोडायला फुलं होती कुठं?
पिएदाद टीचरच्या मुलांनी
निष्पर्ण चाफ्याच्या बोटाबोटाला
गुलाबी क्रेप बांधला होता,
आणि समुद्रावरचा वारा
एकेक गाठ तपासून बघत होता.

"हें खंयचें गो चेरी?" बाबा म्हणाले
आणि बाकावर बसले, बंदराकडं तोंड करून,
अजून ड्यूटीवर असल्यासारखे.

एकतीस वर्षं धक्क्यावर मोजणी केली त्यांनी.
बार्जेसमधून डोंगर यायचा,
जहाजात चढायचा.
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
चार उभ्या, पाचवी आडवी.
कोबे, चिबा, कावासाकी,
ही नावं मी नकाशाच्या आधी
त्यांच्या वहीच्या मागच्या पानावर वाचली.
तेव्हा वाळत घातलेली चादर
संध्याकाळपर्यंत विटकरी व्हायची.
आता कोळसा उतरतो. चादर काळी होते.

मोरिता नावाचा एक चीफ मेट
एकदा एक कॅलेंडर देऊन गेला.
बारा महिने, बारा बागा.
आमच्या घरात एप्रिल कधी उलटलाच नाही.
तळं, वाकलेला पूल,
आणि फुलांनी इतकं जडावलेलं झाड
की फांद्यांना खालून टेकू दिलेले.
झाड आजारी आहे का, मी विचारायचे.
म्हातारं आहे, बाबा म्हणायचे, पण फुलतं.
मग चष्मा कपाळावर सरकवून
टेकूच्या अगदी जवळ नाक नेत :
"हें लोखण. आमचेंच आसतलें."

माईक शिटी वाजवून गप्प झाला.
नगरसेवक म्हणाले, पुढल्या वर्षी खरी झाडं आणू, विमानानं.
मावश्यांच्या गाऊनचे किमोनो करून
सहा मुली छत्र्या फिरवत राहिल्या,
एकीची छत्री उलटी झाली, तरी फिरवत राहिली.
बशीत तांदळाच्या पिठाचे गुलाबी गोळे,
कळ्या पाडायच्या राहून गेलेले मोदक.

आणि मग वाऱ्यानं सगळ्या गाठी एकदमच सोडवल्या.
कागद उठला, कठड्यावरून गेला,
नांगरलेल्या जहाजांच्या दिशेनं.
मुलं मागे धावली, टीचर मुलांमागे,
आणि कठड्यापाशी सगळी थांबली.

खाली उतारावर, कुणाच्या तरी मोडक्या कुंपणात,
उंदीरमारी फुलली होती.
पान एक नाही. नुसती गुलाबी, मध्येच पांढरी,
पावट्याच्या फुलासारखी फुलं
खांदीच्या बुडापासून शेंड्यापर्यंत.
दर वर्षी फुलते, शिगम्याच्या थोडी आधी.
बसमधून दिसते. आम्ही बांगड्यांचा भाव विचारत असतो.
अशा नावाच्या झाडाचा
उत्सव कोण करणार?

बाबा पायऱ्या उतरले, गुडघ्यांना विचारत विचारत.
झाडाखाली उभे राहिले. पडत होतंच एकेक फूल,
टोपीवर, खांद्यावर, चपलेवर.
त्यांनी खिशातून बसचं तिकीट काढलं, पेन काढलं.
चार उभ्या रेघा. पाचवी आडवी.
सदतीसपर्यंत नीट चाललं,
मग एक मोठी झुळूक आली
आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"किती टन?" मी विचारलं.
"हाका रकानो ना," ते म्हणाले.

परतीच्या बसमध्ये त्यांना झोप लागली.
घरी मी त्यांचा शर्ट झटकला :
दोन फुलं, चुरगळलेली,
आणि कोळशाची बारीक पूड.