शीव

भार्गवदादाची खाट खिडकीशी नव्हती.
खिडकीशी होते हसीनाबींचे मालक,
आणि हसीनाबीच म्हणाल्या, डब्याचं झाकण दाबता दाबता,
की मागच्या टेकडीवर किल्ला आहे एक,
लहानपणी बकरीमागे जायच्या त्या तिथे.

दादा कोपरावर अर्धा उठला.
सलाईनची नळी ताणली.
अख्खा सह्याद्री पायाखाली घातलेला माणूस,
शनिवारी एसटीच्या वर्कशॉपातून सुटला
की सोमवारी चिखलाच्या बुटांनी थेट कामावर,
आणि हा, मुंबईतला, राहूनच गेला.
"जा," म्हणाला. "बघून ये. मला सांग."

मी कधी गड चढले नाही.
त्याच्या मोज्यांतली कुसळं तेवढी
वर्षानुवर्षं मीच वेचली,
ओटीवर बसून, शिव्या घालत.

भेटीच्या वेळेला दोन तास होते.
बागेतून वाट, मग पायऱ्या.
पहारेकरी ढोबळे तोंडावर पेपर घेऊन आडवे.
वर एक तोफ, तिच्या तोंडात वेफर्सचं पाकीट.
एक खोली, छपराविना.
पिंपळाची मुळं भिंत फोडतायत
की धरून ठेवतायत, नीट कळेना.
कुणा दीपालीच्या नावाभोवती खिळ्याने कोरलेला बदाम,
आणि त्याच भिंतीच्या सावलीत एक मुलगा
मोठ्याने पाठ करत होता
घसारा, येणी, देणी,
मी गेले तेव्हा लाजून हळू झाला.

आमच्या गावात शिवेवर भाताचा मुटका ठेवतात,
वर गुलाल,
पलीकडचं पलीकडेच राहावं म्हणून.
इथे तोफ ठेवली.
पलीकडे म्हणे पोर्तुगीज, अलीकडे इंग्रज.
मी दोन्हीकडे पाहिलं.
दोन्हीकडे पत्रे, पत्र्यांवर तेच निळं प्लास्टिक,
एका बाजूला खाडीचा तुकडा, पाऱ्यासारखा.
आणि खाली इस्पितळाची गच्ची,
तिथे वाळत घातलेल्या हिरव्या चादरी.
त्यांतली दादाची कुठली
हे शोधत बसले मी, वेड्यासारखी.

"दरवाजा कुठल्या दिशेला?"
माहीत नाही.
"पाण्याचं टाकं?"
नाही बघितलं.
"पायऱ्या किती?"
मी चादरींचं सांगितलं.
त्याने डोळे मिटले.
"शेवंते, तू गच्ची बघायला गेली होतीस का?"

दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले.
औषधांच्या बिलाच्या पाठीवर पेन्सिलीने
पाच-पाचच्या जुड्या करत.
ढोबळे उठून बसले. "सर्व्हेवाल्या का ताई?"
हो म्हटलं.
दरवाजा बघितला, सूर्यावरून दिशा काढली,
टाक्यात वाकून बघितलं, तळाशी एक चप्पल.
चढताना एकशे सतरा.
उतरताना एकशे चौदा.
पुन्हा वर जायला गुडघे तयार नव्हते.

दादा हसला. टाके दुखले, पोट धरून हसला.
"तीन वरच राहिल्या म्हणजे."
"असू देत," मी म्हटलं, "कोण नेतंय?"
"मी आणीन," म्हणाला,
आणि मग बराच वेळ
दरवाजा पश्चिमेला का असेल यावर बोलत राहिला,
वारा, खाडी, गलबतं,
मला अर्धं कळलं नाही.
चहा गार झाला.

तिसऱ्या सकाळी खिडकीशी गादी दुमडलेली होती.
हसीनाबींचा डबा तेवढा कपाटावर,
झाकण घट्ट.
कुणी काही विचारलं नाही.
सिस्टर चार्ट लिहिता लिहिता म्हणाल्या,
काकांना हलवायचं का तिकडे,
उजेड आहे, टेकडी दिसते.

दादाने त्या गादीकडे पाहिलं.
मग माझ्याकडे, माझ्या हातातल्या बिलाकडे.
"नको," म्हणाला.
"इथून दिसतो मला."